सोस्यूर, लोप आणि एक हरवलेला ध्वनी

भाषाविज्ञानाची ओळख करून देणारा कुठलाही लेख उघडा, पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत फेर्दिनां द सोस्यूर हा स्विस भाषाशास्त्रज्ञ येणारच आणि त्याच्याबरोबर ते ठरलेलं वाक्य येणार की भाषिक चिन्ह यादृच्छिक असतं. म्हणजे झाडात असं काहीच नाही की त्याला 'झाड'च म्हणावं लागेल, कुणी ट्री म्हणतं, कुणी आर्ब्र, कुणी बाउम, आणि सगळ्यांचं व्यवस्थित चालतं. बरोबरच आहे. पण बहुतेक जण इथेच थांबतात आणि मला ते खूप खटकतं, कारण एवढंच सांगायला सोस्यूर लागत नाही. ग्रीकांनी यावर भरपूर वाद घातलेत, आपल्याकडे मीमांसक म्हणायचे शब्द आणि अर्थाचं नातं नित्य आहे, नैयायिक म्हणायचे छे, ते संकेताने ठरलेलं आहे, आणि हा वाद शेकडो वर्षं चालला. सोस्यूरचं खरं म्हणणं त्याच्या पुढच्या पायरीवर सुरू होतं.

पुढची पायरी अशी. शब्द आणि वस्तू यांना बांधणारं नैसर्गिक असं काही नसेल तर शब्द आपल्या जागी टिकून राहतो कशामुळे? 'झाड' उद्या सरकून झुडपाकडे का जात नाही? सोस्यूरचं उत्तर आहे, बाकीच्या शब्दांमुळे. प्रत्येक चिन्ह आजूबाजूच्या चिन्हांना टेकून उभं असतं, त्याची किंमत त्याच्या आत नसते, ती त्याच्या शेजाऱ्यांपासून असलेल्या फरकात असते. तो तर इतकं टोकाचं बोलून गेलाय की भाषेत फक्त फरक असतात, ज्यांच्यात फरक आहे अशा आधीच तयार वस्तू नसतातच. हे वाक्य पहिल्यांदा वाचल्यावर डोकं गरगरतं, निदान माझं तरी गरगरलं होतं, पण आवाजांकडे बघितलं की ते हळूहळू पटायला लागतं.

'वेळ' आणि 'वेल' घ्या, 'काळ' आणि 'काल' घ्या. मराठीत ळ आणि ल हे दोन वेगळे स्वनिम आहेत कारण एकाच्या जागी दुसरा टाकला की शब्दच बदलतो. ज्याच्या भाषेत ळ नाही त्याला हा फरक कितीही वेळा ऐकवा, पटकन पकडता येत नाही, त्याचे कान चांगलेच असतात पण त्याच्या सिस्टीममध्ये त्या फरकावर काही अवलंबूनच नसतं ना. उलट्या बाजूने आपलंही तेच होतं, इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू हे शब्द बदलणारे दोन वेगळे आवाज आहेत आणि आपण दोन्हीकडे सरळ व बोलून मोकळे होतो. इंग्रजी बोलणारा माणूस शब्दाच्या सुरुवातीचा क चांगली हवा सोडून म्हणतो, जवळजवळ आपला ख, पण त्याला विचारलंत तर तो शपथेवर सांगेल की मी क च म्हटला, कारण त्याच्याकडे क-ख मुळे शब्द बदलत नाही. आपल्याकडे 'कार' आणि 'खार' म्हणजे दोन टोकं. आणि अजून एक, 'जरा थांब' मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा, लिपीने दोघांना एकच अक्षर दिलंय, तरी बोलताना मराठी माणूस या दोन ज मध्ये गोंधळत नाही. म्हणजे फरक आपल्या डोक्यातल्या व्यवस्थेत आहे, कागदावर तो दिसो न दिसो.

थोडक्यात, ळ म्हणजे काय याचं उत्तर जीभ कुठे लागते एवढ्याने पूर्ण होत नाही. लहान मूल, म्हातारा माणूस, सर्दी झालेला माणूस, प्रत्येकाचा ळ मोजून बघितला तर वेगळाच असतो. तो ळ ठरतो कारण तो ल नाही, र नाही, ड नाही. सोस्यूर यासाठी बुद्धिबळाचं उदाहरण द्यायचा आणि मला त्याहून चांगलं काही सुचत नाही, घोडा हरवला तर त्याच्या जागी एखादं बटण ठेवून खेळ चालू ठेवता येतो, फक्त ते बटण बाकीच्या सोंगट्यांपेक्षा वेगळं ओळखू आलं पाहिजे.

अर्थाचंही तेच. मराठीतल्या 'आम्ही'ची हद्द ठरते ती शेजारी 'आपण' बसलाय म्हणून, ज्याच्याशी बोलतोय त्याला धरून की वगळून हा निर्णय मराठी माणसाला दर वेळी घ्यावाच लागतो. बऱ्याच द्रविड भाषांतही हा भेद आहे, इंग्रजीत एकच 'वी' आहे आणि तो दोन्ही जागा व्यापून बसतो. त्यामुळे 'आम्ही' आणि 'वी' एकाच घोळक्याकडे बोट दाखवत असले तरी त्यांचं मूल्य सारखं नाही. सोस्यूरनेही जिवंत मेंढीला आणि तिच्या मांसाला एकच शब्द वापरणारी फ्रेंच आणि दोन शब्द वापरणारी इंग्रजी समोरासमोर ठेवून हाच मुद्दा मांडला होता.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. फरकानेच अर्थ येत असेल तर मग काहीच नसणं हेसुद्धा चिन्ह होऊ शकतं की! आणि होतंच. 'तू बस' यातल्या 'बस'ला मागे कुठलाही प्रत्यय नाही, नुसता धातू, तरी आपल्याला कळतं की ही आज्ञा आहे, एकाच माणसाला आहे आणि त्याला आपण अरे-तुरे करतो. एवढं सगळं आलं कुठून? बसा, बसू, बसतो, बसला, बसेल हे सगळे तिथे येऊ शकले असते आणि आले नाहीत, तिथून आलं. ती रिकामी जागा बोलते कारण बाकीच्या जागा भरलेल्या आहेत. एकट्या 'बस'कडे शंभर वर्षं बघत बसलात तरी हे त्यात सापडणार नाही.

आणि ही आयडिया आपल्याकडे किती जुनी आहे बघा. पाणिनीचं सूत्र आहे, अदर्शनं लोपः, जे दिसायला हवं ते न दिसणं म्हणजे लोप. नुसतं नसणं आणि लोप होणं यात त्याने केवढा फरक केलाय, लोप म्हणायला आधी तिथे काहीतरी असण्याची जागा लागते. मग लगेच दोन सूत्रांनंतर तो म्हणतो, प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्, म्हणजे प्रत्यय गेला तरी त्या प्रत्ययामुळे होणारी कामं होतच राहतात. संस्कृत व्याकरणात क्विप् नावाचा एक प्रत्यय आहे जो लावला की पूर्णच्या पूर्ण नाहीसा होतो, एक अक्षर शिल्लक राहत नाही, पण तो लागलेला असल्यामुळे धातूचं नाम होतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं ही काय पळवाट, पण पाणिनीला कळलेलं होतं की व्याकरणात 'काहीतरी' आणि 'काहीच नाही' यांच्यातला विरोध हा खराखुरा विरोध असतो. सोस्यूर चेक भाषेतल्या षष्ठीच्या अनेकवचनाचं उदाहरण देतो, बाकीच्या विभक्तींना प्रत्यय आणि इथे काहीच नाही, आणि म्हणतो की कल्पना व्यक्त करायला दरवेळी ठोस खूण लागतेच असं नाही, काहीतरी विरुद्ध काहीच नाही एवढ्यावर भाषेचं भागतं. त्याने हे पाणिनीकडून उचललं असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण हा माणूस संस्कृतचा प्रोफेसर होता हे विसरून चालणार नाही, १८८१ मध्ये छापलेला त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध संस्कृतातल्या अशा षष्ठीवर आहे जी आपल्या सति सप्तमीची ('अमुक झालं असता' असं सांगणाऱ्या सप्तमीची) बहीण लागते. चिन्हविज्ञानाचा जनक वगैरे म्हणताना हे संस्कृतचं अंग लोक गाळूनच टाकतात.

फरकाची ही थिअरी नुसती ऐकायला छान आहे की तिच्यातून काही हाती लागतं? तर सोस्यूरने तिचं उत्तर थिअरी मांडायच्या कितीतरी आधी देऊन ठेवलं होतं, वयाच्या २१ व्या वर्षी. १८७८ च्या शेवटी त्याने आद्य इंडो-युरोपियन भाषेतल्या, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन या सगळ्यांची पूर्वज मानलेल्या भाषेतल्या स्वरांवर एक ग्रंथ छापला. ज्यांना थोडं संस्कृत येतं त्यांच्यासाठी त्यातला एकच धागा सांगते. युज् धातूचं रूप होतं युनक्ति. इथे काय झालंय, 'यु' आणि शेवटचं व्यंजन यांच्यामध्ये 'न' घुसलाय. आता पू धातू घ्या, पवित्र करणे, त्याचं रूप पुनाति. आपले व्याकरणकार या दोघांना दोन वेगळ्या गणांत, म्हणजे धातूंच्या गटांत टाकतात, एक रुधादि, एक क्र्यादि. सोस्यूर म्हणाला थांबा, ही दोन्ही रूपं एकाच साच्यातली आहेत. पुनातिमध्येही 'पु' नंतर 'न' घुसलाय आणि त्याच्यानंतर युज् मधल्या ज् सारखंच धातूचं शेवटचं काहीतरी होतं, ते पुढे नाहीसं झालं आणि जाताना मागच्या 'न'ला लांब करून गेलं, म्हणून 'ना'. आणि तेच काहीतरी 'पु'च्या मागे थेट लागलं होतं तेव्हा त्याने उ लांब केला, म्हणून धातू दीर्घ, पू. एका फटक्यात दोन वेगळ्या गणांचं कोडं सुटतं आणि पू मधला ऊ दीर्घ का हेही कळतं!

हे 'काहीतरी' त्या वेळी माहीत असलेल्या एकाही इंडो-युरोपियन भाषेत व्यंजन म्हणून ऐकू येत नव्हतं, कुठल्याच लिखाणात नव्हतं. सोस्यूरने त्याला नुसता गुणक म्हटलं, उच्चार नक्की कसा असेल यावर त्याचा भरच नव्हता. त्याने फक्त जागा दाखवली, की व्यवस्था अशी अशी आहे, मग इथे एक घटक असायलाच हवा. बऱ्याच विद्वानांना हे नुसतं कागदावरचं गणित वाटलं.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या तुर्कस्तानात बोआझकोय इथे मातीच्या हजारो पाट्या सापडल्या, १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझनीने दाखवून दिलं की त्यांतली हित्ती भाषा इंडो-युरोपियन कुळातली आहे, आणि १९२७ मध्ये येर्झी कुरिलोविच या पोलिश अभ्यासकाने ओळखलं की हित्तीत ख सारखा घशातून येणारा एक आवाज लिहिलेला आहे आणि तो बरोब्बर अशा जागी येतो जिथे सोस्यूरचा गुणक असायला हवा होता. संस्कृतात रक्षण करणे या अर्थाचा धातू पा, दीर्घ आ. हित्तीत त्याच अर्थाचा धातू आहे 'पख्स्'सारखा. म्हणजे आ लांब करून गेलेला तो आवाज हित्तीच्या पाट्यांवर अजून बसून होता. सोस्यूर १९१३ मध्ये गेला, त्याला हे बघायला मिळालं नाही, आणि मला याचं नेहमी वाईट वाटतं. पण विचार करा, एक आवाज कुणीही न ऐकता केवळ फरकांच्या जाळ्यातल्या रिकाम्या जागेवरून ओळखला गेला आणि जवळपास पन्नास वर्षांनी सापडला. जो माणूस पुढे म्हणणार होता की भाषेत घटकांपेक्षा नाती आधी येतात, त्याने तरुणपणीच नात्यांवरून घटक शोधून दाखवला होता.

आपण ज्याला सोस्यूरचा सिद्धांत म्हणतो तो त्याने स्वतः छापलाच नाही. १९०७ ते १९११ मध्ये जिनिव्हात त्याने तीन वेळा हा कोर्स शिकवला, तो गेल्यावर बाय्यी आणि सेशेहे या त्याच्या दोन सहकाऱ्यांनी मुख्यतः विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून १९१६ मध्ये पुस्तक तयार केलं, आणि हे दोघे स्वतः त्या वर्गांना बसलेले नव्हते. १९९६ मध्ये त्याच्या घराण्याच्या वाड्यात त्याच्या हातच्या टिपणांचा मोठा गठ्ठा सापडला. त्यामुळे 'सोस्यूर म्हणतो' असं लिहिताना थोडी सावधगिरी बाळगलेली बरी.

बरं, फरकातून अर्थ ही कल्पनासुद्धा आपल्याकडे येऊन गेलीय आणि तीही फार वेगळ्या वाटेने. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराला दिङ्नाग या बौद्ध तर्कशास्त्रज्ञाने अपोहवाद मांडला. 'गाय' शब्दाने काय कळतं? तो म्हणतो, गोत्व नावाचं काहीतरी सगळ्या गायींमध्ये भरून राहिलंय असं मानायची गरज नाही, 'गाय' म्हणजे जे गाय नाही ते सगळं वगळणं. कुमारिल भट्टाने याच्यावर जोरदार हल्ला केला, की गाय नसलेलं काय हे कळायला आधी गाय काय हे माहीत नको का, मग तुम्ही गोल गोल फिरताय. मला हा आक्षेप फार मोलाचा वाटतो कारण तो सोस्यूरलाही जसाच्या तसा विचारता येतो. आणि माझ्या समजुतीप्रमाणे सोस्यूरच्या बाजूने उत्तर असं देता येईल की शब्द एकेक करून येतच नाहीत, सगळं जाळं एकदम असतं, त्यामुळे पहिला शब्द कुठला हा प्रश्नच उभा राहत नाही. पण मूल भाषा शिकताना तर एकेक शब्दच शिकतं! म्हणजे कुमारिलाचा प्रश्न तिथे परत येतोच, आणि मला वाटतं तो पूर्ण मिटलेला नाही. दोघांना एकच ठरवायची घाई मात्र करू नये, दिङ्नागाला जाती म्हणजे सामान्य नावाची वस्तू नाकारायची होती, सोस्यूरला भाषेची व्यवस्था समजावून सांगायची होती.

मग 'सळसळ', 'खडखडाट' यांचं काय, हे विचारणारे असतातच आणि त्यांचं बरोबर आहे. 'गुळगुळीत' आणि 'खरखरीत' हे शब्द उलटे करून वापरायचा प्रयत्न करा, तोंडच नको म्हणतं. वोल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये लिहिलं होतं की एक टोकदार आणि एक गोलसर आकृती दाखवून अर्थ नसलेले दोन शब्द दिले तर लोक टोकदार आकृतीला कडक आवाजाचा शब्द जोडतात. पुढे हाच प्रयोग बूबा-किकी (गोलसर तो बूबा, टोकदार तो किकी) म्हणून गाजला आणि अलीकडे २५ भाषांच्या बोलणाऱ्यांवर करून बघितला तेव्हा सगळे मिळून साधारण ७२ टक्के लोकांनी अपेक्षित जोडी लावली. म्हणजे आवाज आणि अर्थ यांच्यात काहीच ओढ नसते असं म्हणता येत नाही, यादृच्छिकता पूर्ण नाही. पण असे शब्दसुद्धा एकदा भाषेत शिरले की बाकीच्या शब्दांसारखे झिजतात. फ्रेंचमधला 'पिजॉं' म्हणजे कबूतर, तो लॅटिनमधल्या चिवचिवाटाच्या नकलेतून आलाय, आज त्यात पक्ष्याचा आवाज कुणालाही ऐकू येत नाही.

ही झीज म्हणजे ऱ्हास आहे असं वाटू शकतं आणि इथे मला निकाराग्वाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे मानाग्वात बहिऱ्या मुलांसाठी शाळा सुरू झाल्या, त्याआधी ही मुलं घरोघरी एकटी असायची, घरच्यांपुरत्या खुणा करायची. शाळेत शिक्षक स्पॅनिश आणि ओठ वाचणं शिकवायचा प्रयत्न करत होते, पण मुलं मैदानात आणि बसमध्ये एकमेकांशी हातांनी बोलायला लागली आणि काही वर्षांत एक नवी भाषा उभी राहिली, कुणीही न शिकवता. अ‍ॅन सेंघास आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक बारीक गोष्ट दाखवली. एखादी गोष्ट गडगडत खाली जातेय हे सांगायचं असेल तर ऐकू येणारी, स्पॅनिश बोलणारी माणसं हाताने गडगडणं आणि खाली जाणं एकाच हालचालीत दाखवतात, सगळ्यात आधी शाळेत आलेली मुलंही बहुतेक तसंच दाखवायची. नंतर आलेल्या मुलांनी मात्र ते तोडलं, आधी 'गडगडणं', मग 'खाली'. आता नक्कल म्हणून बघाल तर ही वाईट नक्कल आहे, जगात गडगडणं आणि खाली जाणं वेगवेगळं होत नाही, एकदमच होतं. पण तोडल्यामुळे 'गडगडणं' हे 'खाली'पासून सुटलं, आता ते 'वर' बरोबर लावता येतं, 'खाली'ला 'उडी' लावता येते. चित्रासारखं असणं थोडं सोडून दिलं आणि त्या बदल्यात फरक मिळाले, जोडण्या मिळाल्या. आणि हे लहान मुलांनी केलं, ज्यांना असल्या थिअऱ्यांचं नावही माहीत नव्हतं. मला भाषाविज्ञानातली यापेक्षा सुंदर घटना माहीत नाही.

जिथे हा विचार अपुरा पडतो असं मला वाटतं ती जागाही सांगते. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने चिन्हांचे तीन प्रकार केले होते, सारखेपणाने चालणारं, धूर-आगीसारखं प्रत्यक्ष संबंधाने चालणारं, आणि रूढीने चालणारं. सोस्यूरचं सगळं लक्ष तिसऱ्यावर. पण प्रत्येक भाषेत 'हा', 'तो', 'इथे', 'आत्ता', 'मी' असे शब्द असतात, ते रूढीने आलेले आहेतच, पण त्या क्षणी बोलणारा कुठे उभा आहे याच्याशी बांधले गेल्याशिवाय पुरे होत नाहीत. 'हा' आणि 'तो' यांच्यातला जवळ-लांबचा फरक व्यवस्था देते, तिथपर्यंत सोस्यूर बरोबर. पण 'हा कोण?' असं कुणी विचारलं तर कुणाबद्दल विचारलंय हे अख्खं शब्दांचं जाळं समोर पसरूनही कळत नाही, बोट किंवा नजर कुठे वळलीय ते बघावंच लागतं. हल्ली कॉम्प्युटर शब्दांच्या शेजारावरून अर्थ शिकतात, फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच म्हटलं होतं की शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, आणि संगतीवरून किती मिळवता येतं हे बघून खरंच थक्क व्हायला होतं, सोस्यूरच्या बाजूने केवढा मोठा पुरावा आहे हा. तरी 'हा', 'इथे', 'आत्ता' यांच्यासाठी जाळ्याच्या बाहेर पाऊल टाकावं लागतं असंच माझं मत आहे, आणि कुमारिलाने विचारलेल्या पहिल्या शब्दाच्या प्रश्नाचं उत्तरही कदाचित तिथेच असेल, कारण मूल पहिले शब्द शिकतं तेव्हा समोर कुणीतरी बोट दाखवत असतं.